उन्हाळा लागला की रेकॉर्डिंगमध्ये परत येणारी गुणगुण: मूळ कुठं असतं आणि ती कशी घालवायची

हेडफोन लावला की गाणाऱ्याच्या आवाजाखाली अखंड 'हंऽऽ' ऐकू येतं. पावसाळ्यात ते जवळजवळ नाहीसं होतं, होळी झाली की हळूहळू परत येतं आणि वैशाखात तर दोन ओळींच्या मधल्या शांततेत फक्त तेच उरतं. केबल बदलली, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) बदलला, दुसऱ्याचा माइक मागून आणून पाहिला, तरी दोन-चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. मी दोन उन्हाळे या गुणगुणीच्या मागे घालवले. दोष शेवटी सापडला तो घरामागच्या भिंतीपाशी, जमिनीत. तिथपर्यंत मी कसा पोचलो ते सगळं खाली लिहितोय, म्हणजे तुमचा एखादा उन्हाळा तरी वाचेल.

मी औसा तालुक्यात राहतो. आमचं घर 1993 च्या भूकंपानंतर बांधलेलं. त्यातल्या मागच्या खोलीत स्टुडिओ आहे: लॅपटॉप, दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस, एक कंडेन्सर आणि दोन डायनॅमिक माइक, दोन मॉनिटर स्पीकर, भिंतींना टांगलेल्या वाकळा. भजनी मंडळं येतात, गोंधळी येतात. पण माझा जीव अडकलाय तो जात्यावरच्या ओव्यांत. शे-दोनशे ओव्या तोंडपाठ असलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांचा आवाज एकदाच मिळतो. पुढच्या वर्षी घेऊ म्हणायची सोय नाही.

त्या एप्रिलमध्ये गल्लीतल्या एका आजींना बसवून दोन तास ओव्या घेतल्या. नंतर त्यांच्याच कानाला हेडफोन लावला. त्यांनी दोन ओव्या ऐकल्या, मान तिरकी केली आणि विचारलं, "पोरा, मागं कोन दळायलंय रं?"

"कुणी नाही आजी."

"आरं, जातं फिरायलंय की. ऐक."

खोलीत जातं नव्हतंच. आजींनी नुसत्या तोंडानं म्हटल्या होत्या. त्या ज्याला जातं समजल्या ती माझी गुणगुण होती. मला वाईट वाटलं ते दुसऱ्या कारणानं. पुढच्या बैठकीत खरंच जात्यावर बसवून ओव्या घ्यायच्या ठरल्या होत्या. जात्याची घरघर आणि विजेची गुणगुण दोन्ही आवाजाच्या खालच्याच पट्ट्यात राहतात. संगणकावर फिल्टर लावून गुणगुण कापायला गेलो तर जात्याचा निम्मा अंश तिच्यासोबत जाणार. म्हणजे ती जिथून येते तिथंच बंद करायला हवी होती.

आधी कानानं ओळखा

सगळ्याच नको असलेल्या आवाजांना आपण 'नॉइज' म्हणून मोकळे होतो आणि तिथंच चुकतो. आवाज कसा आहे त्यावरून तो कुठून आला हे बरंचसं कळतं.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. ती थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरली की गोल, खोल 'हंऽऽ' येतं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाचपेक्षा किंचित चढा, अगदी खालच्या सप्तकातला सूर. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या खाली हा सूर म्हणजे कुणीतरी सतत तीव्र मध्यम धरून बसल्यासारखं होतं. गाणं सुरात असूनही मन लागत नाही ते त्यामुळं.

आवाज गोल नसून 'झर्रर्र' असा खरखरीत असेल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, तर त्यात 100 हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटी आहेत. हे काम बहुतेक वेळा पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा, स्वस्त अ‍ॅडॉप्टर किंवा इन्व्हर्टरचं. बारीक 'चींऽऽ' येत असेल आणि माउस हलवला, फाइल उघडली की ते बदलत असेल, तर ते लॅपटॉपच्या यूएसबीतून येतंय. नुसतं 'फस्स' असेल तर गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) वाजवीपेक्षा जास्त आहे, किंवा माइक तोंडापासून लांब आहे. त्याचा विजेशी संबंध नाही. त्यासाठी हा लेख वाचण्यात वेळ घालवू नका, माइक वीतभर अंतरावर आणा.

हे सगळं हेडफोनवरच ऐका. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरला 50 हर्ट्झ वाजवताच येत नाही. "माझ्याकडं तर स्वच्छ वाजतं" असं म्हणणारे निम्मे लोक मोबाइलवर ऐकत असतात. मग तीच फाइल देवळातल्या मोठ्या बॉक्सवर लागते आणि सगळ्यांदेखत घुमते. ऑडॅसिटीत अ‍ॅनालाइझ मेन्यूखाली स्पेक्ट्रमचा आलेख निघतो. शांततेचा दहा सेकंदांचा तुकडा निवडून तो काढा. 50 वर एकच उंच सुळका आहे, की 100, 200, 300 अशी रांग आहे, हे डोळ्यांनी दिसेल. तो आलेख तारीख टाकून जपून ठेवा, पुढे तुलनेला लागतो.

तासाभराची तपासणी

पैसे खर्च करण्याआधी ही तपासणी करा. गेन एकदा लावला की शेवटपर्यंत हलवायचा नाही, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. प्रत्येक पायरीला तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि मीटरवर आकडा किती डेसिबल आहे तो वहीत लिहा.

पहिली पायरी, आहे तसं. माझा आकडा एप्रिलच्या दुपारी उणे 48 डेसिबल होता (उण्याचा आकडा जितका मोठा तितकी शांतता जास्त). दुसरी, मॉनिटर स्पीकरच्या पिना बोर्डातून काढा आणि त्यांच्या केबलही इंटरफेसमधून काढा. तिसरी, लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. इथंच आवाज एकदम खाली आला तर चार्जर आणि अर्थिंग यांच्यातला मामला आहे. चौथी पायरी सगळ्यात मोलाची: लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवरच चालणारा, कानाला हेडफोन, आणि घराचा मेन स्वीच बंद. पूर्ण घर बंद. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर, सगळं. इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून वेगळा बंद करायला विसरू नका, तो मेन गेला की उलट जागा होतो.

आता जे ऐकू येतं तो तुमच्या माइकचा आणि इंटरफेसचा खरा आवाज. माझा आकडा उणे 74 वर गेला. म्हणजे ज्या इंटरफेसला मी दीड वर्ष शिव्या देत होतो तो निर्दोष होता. मेन बंद करूनही गुणगुण राहिली, तर ती बाहेरून येतेय: घरावरून गेलेली लाइन, भिंतीपलीकडचं शेजाऱ्याचं मीटर, जवळचा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर). तेव्हा खोली बदला किंवा माइकची जागा बदला. अर्थिंग खणून उपयोग होणार नाही.

मग मेन चालू करून एकेक एमसीबी (बोर्डातला एकेका भागाचा छोटा स्वीच) उचला आणि दरवेळी ऐका. कुठल्या एमसीबीला आवाज उडी मारतो ते कळलं की अर्धं काम झालं.

आणखी दोन छोट्या खुणा. डायनॅमिक माइक हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरवा. गुणगुण एका बाजूला वाढते आणि काटकोनात वळवला की कमी होते असं झालं तर जवळ एखादा ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर किंवा स्टॅबिलायझर आहे आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या कॉइलमध्ये शिरतंय. तो डबा चार हात लांब सरकवा, बस. दुसरी खूण: माइकच्या जाळीला किंवा इंटरफेसच्या धातूच्या अंगाला हात लावला की गुणगुण बदलते का? चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूवर बोटाचं पेर हलकेच फिरवलं तर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाहीच किंवा नावाला आहे. माझ्या लॅपटॉपवर वैशाखात झिणझिण्या यायच्या आणि श्रावणात यायच्या नाहीत. ही गोष्ट दोन वर्षं माझ्या बोटांना माहीत होती, मला कळली नाही.

अर्थिंग: आपल्याकडची खरी दुखरी जागा

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये, स्पीकरच्या पॉवर सप्लायमध्ये, टीव्हीत लहान कॅपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा करंट सतत अर्थच्या तारेत झिरपतो. तो दोष नसतो, रचनाच तशी आहे. अर्थ चांगला असेल तर हा करंट जमिनीत जिरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. अर्थ वाईट असेल तर त्याला जायला जागा नसते. मग घरातली सगळी अर्थची तार दहा-पंधरा व्होल्टवर तरंगायला लागते, तो करंट यूएसबीच्या आवरणातून इंटरफेसमध्ये, तिथून ऑडिओ केबलच्या जाळीतून स्पीकरमध्ये असा वाट शोधत फिरतो. आपण तो ऐकतो.

आता हे उन्हाळ्यातच का? जमिनीतून वीज जाते ती ओलाव्यातल्या क्षारांच्या आधारानं. मराठवाड्यात खाली बेसाल्टचा काळा पाषाण, वर मुरूम, आणि त्यावर कुठं हातभर तर कुठं पुरुषभर काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. चैत्रात शेतात पडणाऱ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्यात, कोपरापर्यंत हात जातो. तीच भेग अर्थिंगच्या पाइपाभोवती पडते. मी आमच्या खड्ड्यावरची फरशी उचलली तेव्हा पाइप आणि माती यांच्यामध्ये चारही बाजूंनी बोट जाईल एवढी फट होती. पाइप जमिनीत उभा होता, पण जमिनीला शिवत नव्हता. मृगाचा पाऊस झाला की माती फुगायची, पाइपाला परत मिठी मारायची, गुणगुण जायची. त्याच सुमाराला मी कधी नवी केबल आणलेली असायची आणि श्रेय केबलला जायचं.

वायरमन मामांना बोलावलं. बोर्ड उघडणं, फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) हात घालणं हे त्यांचंच काम. मीही केलं नाही, तुम्हीही करू नका. त्यांनी मल्टिमीटरनं तीन आकडे घेतले: फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमध्ये 218 व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये 204, न्यूट्रल आणि अर्थमध्ये 14. शेवटचा आकडा दोन-तीनच्या आत असला तर बरं, पाचच्या पुढे गेला की संशय घ्यायचा. पण मामा म्हणाले, "मीटरवर जाऊ नका. त्याला करंट लागतच नाही, म्हणून मेलेला अर्थ पण दोनशे दाखवतो." मग त्यांनी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावल्या आणि 100 वॅटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये क्षणभर लावला. अर्थ चांगला असता तर तो लख्ख पेटला असता. आमचा लालसर झाला, विझत्या निखाऱ्यासारखा. ज्यांच्या घरी आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की आपोआप बंद होणारा स्वीच) बसवलाय त्यांच्याकडं हा बल्ब लावताच तो पडेल, कारण तो 30 मिलिअँपिअरला पडायलाच बनवलेला असतो. काही वायरमनकडं अर्थ टेस्टर असतो, तो जमिनीचा विरोध सरळ ओहममध्ये दाखवतो. पाच ओहमच्या आत आला तर समाधान मानावं.

खणल्यावर जे निघालं ते सांगतो, कारण बऱ्याच घरांत हेच निघेल. घर बांधतानाचा दीड फुटाचा पाइपाचा तुकडा, त्याला गुंडाळलेली आठ नंबरची तार, आणि जोडावर गंजाची पापडी. नखानं उचकटली तर तार हातात आली. आणखी एक: स्टुडिओतल्या दोन सॉकेटपैकी एकाच्या वरच्या मोठ्या भोकाला आतून तारच जोडलेली नव्हती. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून अर्थ आहे असं समजू नका.

नवीन खड्डा कसा घेतला: जुन्या जागी साडेतीन फुटांवर पहार ठणठण वाजायला लागली, पाषाण लागला. म्हणून न्हाणीच्या मागे सरकलो. तिथं भराव खोल होता आणि सांडपाण्यानं जमीन जरा ओलसर राहते. अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, खालच्या भागात भोकं पाडलेला. भोवती मीठ आणि कोळसा यांचे थर देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, ती चालते, पण मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि पाइपालाही खातं. आम्ही बेंटोनाइटची माती वापरली. ती पाणी धरून ठेवते आणि पाइपाला चिकटून राहते, आपल्या भेगाळणाऱ्या मातीत हाच गुण हवा. वरच्या तोंडाला जाळी बसवलेलं नरसाळं, भोवती विटांचं छोटं चौकट आणि झाकण. तारेचा जोड नट-बोल्टनं, वॉशर घालून, आधी सँडपेपरनं घासून आणि वरून ग्रीस लावून. साडेचार हजार रुपयांत सगळं उरकलं. नव्या इंटरफेसला मी याच्या तिप्पट घालवले होते.

तुमच्याकडं कुठंच खोली मिळत नसेल, सगळीकडं खडकच असेल, तर एका खोल पाइपाऐवजी दोन-तीन आखूड पाइप एकमेकांना जोडतात. मात्र ते जवळजवळ रोवू नका. दोन पाइपांमधलं अंतर त्यांच्या लांबीच्या निदान दुप्पट ठेवावं, नाहीतर दोन्ही एकाच मातीच्या तुकड्यावर विसंबतात आणि फायदा होत नाही.

राहता राहिलं पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओता असं मी कुणाला सांगणार नाही. पण कूलरच्या टाकीत आठवड्यानं जे खारट, पांढरट पाणी उरतं आणि आपण अंगणात फेकतो, ते खड्ड्यात ओता. क्षारांमुळं ते या कामाला साध्या पाण्याहून चांगलं. आरओचं वाया जाणारं पाणीही चालतं. कूलर सुरू होतो तेव्हाच खड्डा कोरडा पडायला लागतो, त्यामुळं दोन्हीचं वेळापत्रक आपोआप जुळतं. कूलरचा विषय निघालाच आहे तर एक: लोखंडी कूलर आणि वाईट अर्थिंग ही जोडी जिवावर बेतणारी आहे. गाण्यासाठी नाही तर घरातल्या लहान मुलांसाठी तरी अर्थिंग तपासून घ्या.

हे तीन उपाय कुणी सुचवले तरी करू नका

पिनेचा मोठा अर्थचा दांडा काढून टाकायचा, किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावायचा. यानं गुणगुण कधीकधी खरंच जाते, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला. पण आता स्पीकरच्या आत फेज सुटून धातूला लागली तर ती जमिनीत न जाता पहिल्या हात लावणाऱ्याकडं जाणार. माइक ओठांच्या जवळच असतो हे लक्षात ठेवा.

दुसरा, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे. मीटरवर आकडा शून्य येतो, वायरमन खूश, आपण खूश. ज्या दिवशी खांबावर न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातल्या अर्थ लावलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर 230 व्होल्ट येईल.

तिसरा, स्टुडिओपुरता वेगळा खड्डा खणून तो घराच्या अर्थपासून तुटक ठेवायचा. दोन वेगळे अर्थ म्हणजे दोघांमध्ये व्होल्टचा फरक, आणि तो फरक तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहणार. खड्डे कितीही घ्या, ते आपसांत जोडलेले हवेत.

खड्डा नीट झाला तरी उरलेली कुरकुर

नवीन अर्थिंगनंतर माझा आकडा उणे 48 वरून उणे 66 वर आला. मेन बंद असतानाच्या 74 पासून अजून आठ डेसिबल दूर. हे आठ तीन ठिकाणी लपले होते.

पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर. ज्याला टप्पे नसतात, नुसता सरकत जातो, तो वीज प्रत्येक लाटेत दोनदा कापतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. तोच 'झर्रर्र'. टप्प्याटप्प्यानं 'टक टक' फिरणारा रेग्युलेटर बसवला, आवाज गेला. तसंही रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंदच असतो, पण रेग्युलेटर मधल्या खोलीतला होता आणि त्याची वायर माझ्या भिंतीतून जात होती.

सगळ्या यंत्रांच्या पिना एकाच बोर्डावर. लॅपटॉप या भिंतीच्या सॉकेटवर आणि स्पीकर त्या भिंतीच्या, असं असलं की दोघांच्या अर्थच्या वाटा वेगळ्या होतात आणि मध्ये ऑडिओ केबल जोडली की गोल पूर्ण होतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर सगळं एकत्र घ्या, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाणारं सॉकेट असेल तर एक इकडं एक तिकडं ठेवू नका.

तिसरं केबल. इंटरफेस ते स्पीकर माझ्याकडं साध्या मोनो जॅकच्या केबल होत्या. त्या जागी तीन कड्यांच्या बॅलन्स्ड केबल घातल्या. बॅलन्स्ड केबलमध्ये आवाज दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत जी गुणगुण शिरते ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते आणि पलीकडं वजाबाकीत उडून जाते. माइकच्या एक्सएलआर केबलमध्येही हेच: 1 नंबरची पिन जाळीची, 2 आणि 3 आवाजाच्या. इथं एक फसवी गोष्ट आहे. 1 नंबरचं सोल्डर सुटलं तर कंडेन्सर माइक एकदम मुका होतो, कारण इंटरफेसकडून त्याला मिळणाऱ्या 48 व्होल्टची परतीची वाट तीच. पण डायनॅमिक माइक चालत राहतो, आवाजही येतो, फक्त गुणगुणतो. म्हणून "ही केबल चालते" असं डायनॅमिकवर ठरवू नका. मल्टिमीटर 'बीप'वर लावून तिन्ही पिना तपासा, केबल हलवत तपासा.

भजनी मंडळ इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन येतं. त्याचा अ‍ॅडॉप्टर आणि लांब मोनो केबल ही जोडी गुणगुणीला आवतण देते. डीआय बॉक्समधून (मोनो केबलचा आवाज बॅलन्स्ड करून देणारा छोटा डबा) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. हे बटण फक्त ऑडिओची जाळी सोडवतं, विजेच्या पिनेला हात लावत नाही, म्हणून ते निर्धोक.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात: स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर रेकॉर्डिंग करूच नका. 150, 250, 350 अशी पूर्ण फौज येते. प्युअर साइनवाला बराच शांत. लाइट गेली की मी इन्व्हर्टर बंद करून लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग करतो, आणि खरं सांगायचं तर माझी सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग भारनियमनातलीच आहेत. स्टॅबिलायझर या दुखण्याचं औषध नाही. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडलं की तो 'टक' करून रिले बदलतो आणि तो 'टक' तुमच्या ओवीत येतो.

आधीच झालेल्या रेकॉर्डिंगचं काय

आजींच्या त्या दोन तासांचं मी एवढं केलं. आधी 50, 100 आणि 150 वर अरुंद नॉच (तेवढीच पट्टी कापणारा फिल्टर), त्याचा क्यू, म्हणजे अरुंदपणाचा आकडा, 30 च्या आसपास. 200 आणि 250 ला हात लावला नाही, कारण बाईमाणसाचा खालचा सूर तिथंच असतो, तिथं कापलं की काही काही अक्षरं पोकळ वाजतात. मग सुरुवातीच्या शांततेचा तुकडा नमुना म्हणून घेऊन ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन, तेही फक्त सहा डेसिबल. बारावर नेलं तर 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे वाटायला लागले आणि ओवीच्या शेवटी आजी जो दम सोडतात तो गायब झाला. तो दम मला गुणगुणीपेक्षा महत्त्वाचा वाटला. मूळ फाइल तशीच वेगळी ठेवली आहे.

आता प्रत्येक बैठकीच्या आधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करतो आणि आकडा बोर्डाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहितो. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टही मामा महिन्याला एकदा येता-जाता घेतात. गेल्या वैशाखात तो 2 च्या वर गेला नाही, आवाजाचा आकडा उणे 72 वर राहिला. त्याच महिन्यात जातं मागच्या खोलीत आणलं, खाली गोणपाटाची चार पदरी घडी घातली, एक माइक आजींच्या तोंडाशी आणि एक जात्याच्या खुंट्याशी ठेवला. कुठलाही फिल्टर न लावता. ऐकवलं तेव्हा आजींनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ हेडफोन काढू दिला नाही. मग म्हणाल्या, "ज्वारी बारीक पडली नाही त्या दिवशी. पाळी टाकवायला पाहिजे जात्याला."